पाचवं कुलूप

पटो न पटो, घडलं तसं सांगतो. ज्या पोरीसोबत हे घडलं ती माझी सख्खी भाची आहे, आणि तिला थापा मारता येत नाहीत.

रात्र नव्हती. भर दुपार. तीनला दहा कमी. जागा, कारखान्याची पॅनलची खोली.

भाची वायरमनच्या कोर्सला पहिली आलेली. म्हणून फोरमन तिला नावाने हाक मारायचाच नाही. "ए, पहिला नंबर!" म्हणायचा. उमेदवारीचा तो शेवटचा दिवस. तिला कायम केल्याचं पत्र फोरमनच्या खिशात होतं, आणि सकाळपासून दोनदा त्याने खिशावर थाप मारून ते तिला दाखवलं होतं.

घरात दुसरं कमावणारं कोणी नव्हतं.

तिथला नियम साधा. जमिनीखालच्या केबलच्या बोगद्यात उतरायचं, तर आधी मेन स्विच बंद करायचा. मग उतरणाऱ्या प्रत्येकाने त्या स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं. चावी स्वतःच्या खिशात. बाहेर आलं की आपलं आपण काढायचं. एक जरी कुलूप राहिलं, तरी स्विच वर होत नाही.

त्या दिवशी भाची, म्हातारा फिटर आणि दोन मदतनीस उतरले. चौघे बाहेर आले. चौघांनी आपापलं कुलूप काढलं.

स्विचवर एक कुलूप उरलं...

फोरमनने माणसं मोजली. "चारच आहात. मग हे कोणाचं? भुताचं?"

मदतनीस हसले. फिटर हसला नाही.

भाची गुडघ्यांवर बसली. बोगद्यावरच्या बारा लोखंडी झाकणांपैकी एकाच्या फटीला तोंड लावून तिने विचारलं, "आत कोणी आहे का?"

काहीच नाही.

मग... पाना खाली ठेवल्याचा आवाज.

"आहे... दोन मिनिटं, ताई."

तिने मागे पाहिलं. सगळ्यांनी ऐकलं होतं. चेहरे लपत नाहीत.

"झाकणं उचलू या," ती म्हणाली.

"बाराच्या बारा? तीनला मशीन सुरू झालं नाही तर साहेबांना तोंड तू देणार?" फोरमनने कटर तिच्या हातात कोंबला. "काप. स्विचही तूच वर कर. नाहीतर पत्र आत्ता फाडतो. शाळेतलं शहाणपण शाळेत."

तिने फिटरकडे पाहिलं. तो स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

तिने कुलूप कापलं.

"थांबा ना..." आतून.

तिने स्विच वर केला.

दिवे आले. मशीन घरघरू लागलं. आतला आवाज... शब्दाच्या मध्येच तुटला.

फोरमनने पत्र तिच्या खिशात खोचलं. "बघ. जमतं की."

सुटी झाल्यावर तिने आणि फिटरने बाराही झाकणं उचलली.

केबल. धूळ. बाकी काही नाही.

फिटरने तेव्हा तोंड उघडलं. "गेल्या वर्षी एक शिकाऊ खरोखरच आत होता. कुलूप फोरमनने कापलं. मी इथेच उभा होतो, पोरी."

ती आजही त्याच नोकरीत आहे. मी तिची परोपरीने समजूत घालतो. परवाही म्हणालो, "अगं, आत कोणी नव्हतंच. तू कोणाचा जीव घेतला नाहीस."



"ते संध्याकाळी कळलं, मामा. तीन वाजता मला कुठे माहीत होतं?"