मीटरखालची चिठ्ठी

आमची पहिली भेट गाडीखाली झाली.

जुन्या गाड्यांच्या आवारात एका लालभडक फोर-व्हील ड्राइव्हखाली मी पाठीवर झोपले होते. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात प्रयोगशाळेतून आणलेला लोहचुंबक. चासिसवरून तो इंचाइंचाने फिरवत होते. एका ठिकाणी तो चिकटेचना... निसटला आणि थेट माझ्या कपाळावर पडला.

"तिथे लोखंडच नाहीये," पलीकडून आवाज आला. "गंजलेला भाग पुट्टीने भरलाय आणि वरून रंग मारलाय."

मान वळवली. दुसऱ्या बाजूने एक माणूस तसाच पाठीवर सरकत आत आला होता आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने चासिस ठोकून बघत होता.

"कळलं मला ते," मी म्हणाले.

"हो, कपाळावर दिसतंय."

लगेच त्याने विचारलं, "गाडी मिरवायला हवीय की चालवायला?"

"वाटेत दोन ओढे आहेत. दुसऱ्या ओढ्यानंतर वाटच नाही."

तो एकदम गंभीर झाला. "मग ही नको. कोपऱ्यातली ती मातकट गाडी बघा. रूप बेताचंच आहे, पण चासिस धडधाकट आहे आणि चढासाठीचा लो गिअर लोण्यासारखा पडतो."

"इतकी चांगली आहे तर तुम्हीच का नाही घेत?"

"घ्यायलाच आलो होतो," तो म्हणाला. "एका गिऱ्हाइकासाठी. पण त्याला ती दुकानासमोर उभी करायचीय... तुम्हाला ओढे ओलांडायचेत. तुम्ही घ्या. अट एकच, काम माझ्या गॅरेजमध्ये करायचं."

त्याला सगळे मिस्त्री म्हणतात. मीही म्हणायला लागले.

माझं काम तसं साधं आहे. डोंगरातल्या ओढ्यांना पाणी किती चढतं, ते मी मोजते. सगळ्यात वरच्या ओढ्यावर आमचं एक नोंदयंत्र आहे. दर दहा मिनिटांनी एक नोंद, अशा नव्वद दिवसांच्या बारा हजार नऊशे साठ नोंदी त्यात मावतात. जागा संपली की यंत्र सगळ्यात जुनी नोंद पुसून तिथे नवी लिहायला लागतं. यंदा पहिल्याच दिवशी ओढ्याला मोठा पूर आला होता, म्हणजे सगळ्यात मोलाच्या नोंदीच आधी पुसल्या जाणार. मागच्या वर्षी ऑफिसची जुनी गाडी अर्ध्या वाटेवरून परत फिरली आणि सगळं गेलं. साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं, "या वर्षीही हात हलवत आलात तर वरचं केंद्र बंद."

ते केंद्र मी उभं केलं होतं. खांबाचा खड्डासुद्धा मीच खणला होता.

म्हणून मी गॅरेजमध्ये दोन पानी यादी घेऊनच गेले. गाडी सहा इंच उचलायची, टायर पस्तीस इंची, छतावर दिव्यांची रांग, पुढे अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारं विंच. मिस्त्रीने यादी शांतपणे वाचली, कानामागची पेन्सिल काढली आणि एकेक ओळ खोडायला लागला.

"सहा इंच उचललीत तर बाजूच्या उतारावर गाडी आडवी होईल."

"मी गुरुत्वमध्य काढलाय. चार इंचांपर्यंत चालेल."

"गणितात चालेल. तिथे छतावर सामान असेल, मागे काका असतील."

काका म्हणजे आमच्या ऑफिसचे ड्रायव्हर. कंबर धरल्यामुळे त्यांना गाडी चालवायला बंदी होती, बोलायला नव्हती. "माझं वजन काढू नका हं, मिस्त्री!" ते बाकावरून ओरडले.

शेवटी दोन इंचांवर तोडगा निघाला. टायर एकोणतीसऐवजी एकतीस इंची ठरले. मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं लॉक आलं, कारण एक चाक हवेत असलं तरी दुसऱ्याने गाडी ओढायला हवी. दिव्यांची रांग आणि विंच, दोन्ही गेलं.

"आणि बंपर कापायचा," तो म्हणाला. "चढ लागला की दगडाला आधी टायर भिडला पाहिजे, बंपर नाही."

"किती अंश हवेत?"

"अंश?" तो हसला. "मी डोळ्यांनी बघतो."

"मी कोनमापकाने बघते."

मग तीन आठवडे मी रोज संध्याकाळी काहीतरी मोजायला जायचे. गॅरेजमध्ये तेलाचा आणि नव्या रबराचा वास असायचा. कपाटातल्या पान्यांमागे त्यांच्याच आकाराच्या आकृत्या रंगवलेल्या होत्या, त्यामुळे एकही पाना चुकीच्या जागी जात नसे. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक मोठ्या टायरच्या गाडीत मीटरखाली पांढरी टेप असायची आणि तिच्यावर एक आकडा. तो कसला, हे विचारायचं रोज राहून जायचं... दुसरंच काहीतरी बोलणं निघायचं. एव्हाना माझ्यासाठी वेगळा कप आला होता. त्याचा कान तुटलेला होता, पण तो दुसऱ्या कुणाला मिळत नसे.

"तू गाडी बघायला जातेस की गाडीवाल्याला?" आईने विचारलं.

"बंपरचा कोन बघायला."

"बरा आहे का कोन?"

"बेचाळीस अंश."

"मी कोनाचं विचारत नाहीये," आई म्हणाली आणि पेपर वाचायला लागली.

गाडी तयार झाली ती नव्वदाव्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी यंत्राची जागा संपणार होती. "नवी बांधलेली गाडी पहिल्यांदा बाहेर जाते तेव्हा मी बरोबर असतो. गॅरेजचा नियम आहे," मिस्त्री म्हणाला. काका आपण होऊन आले.

सकाळी धुकं होतं. गाडी मी चालवत होते. पहिला ओढा पार झाला. पाणी दाराच्या उंबऱ्याला लागलं आणि उतरलं. माझी वही मिस्त्रीच्या मांडीवर होती आणि तो वाचत होता, "पुलापासून अठरा पूर्णांक सहा किलोमीटरवर डावीकडे वळण. खूण, मोठा पांढरा दगड."

दगड पुरात वाहून गेला असणार. गवत छातीइतकं वाढलं होतं आणि ती वाट कुठल्याच नकाशात नव्हती. भरवसा मीटरचाच. बरोबर १८.६ ला डावीकडे गवतात एक फट दिसली. वळवली. शंभर मीटर उतार... आणि गाडी ओल्या गाळात आसापर्यंत बसली.

त्यानंतरचे दोन तास मिस्त्री गाळातच होता. टायरची हवा तिसापासून अठरावर आणली, चाकांपुढचा गाळ उपसला, खाली फळ्या दिल्या. मी लॉक लावून इंचाइंचाने गाडी मागे घेतली. काका छत्री धरून सूचना देत होते, पाऊस नसताना.

गाडी वर आली तेव्हा अडीच वाजले होते.

"वाट पुरात मोडली असेल," मी म्हणाले. "इथे ओढाच नाहीये. मला काही ओळखूच येत नाहीये."

मिस्त्री टायरकडे बघत उभा होता. मग त्याने चिखलाचा हात कपाळावर मारला.

"मीटर!"

"काय झालं मीटरला?"

"टायर मोठा. एका फेरीत जास्त अंतर कापतो, पण मीटर फेऱ्याच मोजतं. म्हणजे..."

"म्हणजे कमी दाखवतं," मी म्हणाले. पुढचं माझ्या तोंडून आपोआप निघालं. "एकतीस भागिले एकोणतीस. एक पूर्णांक शून्य सात. वळण १७.४ लाच होतं! आपण सव्वा किलोमीटर पुढे आलोय."

गाडी मागे फिरवली. मीटरवर एक पूर्णांक दोन मोजलं आणि थांबलो. मिस्त्री गवतात शिरला आणि आतून ओरडला, "चाकोरी आहे!"

दुसरा ओढा, मग ओळखीचा चढ. उभा दगड आडवा आला. टायर आधी भिडला, बंपर नंतर. बेचाळीस अंश. मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं.

तीन वाजून बावन्न मिनिटांनी मी यंत्राचं झाकण उघडलं. सगळ्या नोंदी उतरवून घेतल्या. पहिल्या दिवसाचा पूर जसाच्या तसा होता, वीस मिनिटांत दीड मीटर. मी खांबाला टेकून बसले. मिस्त्रीने थर्मासमधला चहा झाकणात ओतून दिला आणि शेजारी बसला.

"आजवर सतरा गाड्यांना मोठे टायर बसवलेत," तो हळूच म्हणाला. "प्रत्येक गाडीत मीटरखाली चिठ्ठी चिकटवतो, किती पट धरायचं त्याची. एकही गाडी विसरलेलो नाही."

"मग माझीच कशी विसरलात?"

"त्या दिवशी... तुम्ही बंपरसमोर उकिडव्या बसला होतात. कोनमापक घेऊन. नाकाला ग्रीस लागलं होतं. ते सांगावं की नको, याचाच विचार करत राहिलो." त्याने झाकणात आणखी चहा ओतला. "टेप हातातच होती."

"आणि ग्रीसचं सांगितलंत का?"

"नाही. बरं दिसत होतं."

ते ग्रीस घेऊन मी बसने घरी गेले होते. हसावं की भांडावं, कळेना.

पण चूक त्याच्या एकट्याची नव्हती. पदवी माझी भौतिकशास्त्राची. चाकाच्या परिघाचं गणित शाळेतलं. तीन आठवडे मी त्या गाडीचं सगळं मोजलं, आणि एवढी एकच गोष्ट मला सुचली नाही. का सुचली नाही, हे काही मोजून काढायची गरज नव्हती.

मी वही उघडली. तारीख, वेळ, पाण्याची पातळी. वळणाचं नवं अंतर. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं — 'चूक दोघांची. कारण एकच.'

तो शेजारून वाकून वाचत होता. कान लाल झालेले मला कडेने दिसत होते.

"कारण लिहा की," तो म्हणाला.

"तुला माहीत नाही?"

त्याने खिशातून पांढऱ्या टेपचं रीळ काढलं, तुकडा फाडला, कानामागची पेन्सिल घेतली. त्याच्या अक्षराला आज जास्तच वेळ लागत होता.

"अहो, उरकलं का?" खालून काकांनी हॉर्न दिला. "माझी कंबर इथे लॉक झालीये!"

उतरताना गाडी तो चालवत होता. मीटरखाली टेप होती. तिच्यावर आधी आकडा होता, × १.०७. आणि खाली बारीक अक्षरात, 'उद्या संध्याकाळी कप धुऊन ठेवतो. मोजायला काही नसलं तरी ये.'

मी त्याच पेन्सिलने खाली लिहिलं, 'येते.'