दोन सेकंदांचा आवाज

जुन्या गाडीचा पेट्रोलपंप गेलाय की नाही, हे बघायला दोन माणसं लागतात. एकानं पुढे बसून चावी फिरवायची, दुसऱ्यानं मागच्या सीटला कान लावायचा. चावी अर्धी फिरली की सीटखालच्या टाकीतला पंप दोन सेकंद गुणगुणतो, नळीत प्रेशर भरतो आणि गप्प होतो. आवाज आला तर पंप जिवंत. नाही आला तर टाकीवर लाकडी हातोड्यानं दोन टोले हाणायचे; मरायला टेकलेला पंपही तेवढ्यानं एकदा तरी जागा होतो. मेस्त्री तीस वर्षं हे काम करत होता, आणि त्यातली अकरा वर्षं पुढच्या सीटवर त्याची मुलगी बसायची. तो मागून ओरडायचा, "चावी!" आणि ती फिरवायची. शाळेत होती तेव्हापासूनची सवय. आता नोकरीला लागली तरी घरात तिला सगळे बबडीच म्हणायचे.

आत्ता गॅरेजमध्ये उभी होती ती गाडी तिचीच. मेस्त्रीनंच बघून घेऊन दिलेली, वीस वर्षं जुनी, पण इंजिन ठणठणीत. महिन्याभरापूर्वी बबडी म्हणाली होती, "बाबा, गाडी चढावर दम टाकते हो. पंप बघा ना एकदा."

"गाडी नाही गं, तुझा पाय दम टाकतो," मेस्त्री म्हणाला होता. "आधी क्लच सोडायला शीक." आणि आपल्याच विनोदावर खो-खो हसला होता. गावभरच्या गाड्या बघणाऱ्या माणसाला घरची गाडी बघायला सवड झाली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

गाडी बंद पडली ती उड्डाणपुलाच्या चढावर. बबडी बॉनेट उघडायला खाली उतरली आणि मागून आलेल्या टेम्पोनं तिला उडवलं. गाडीला ओरखडासुद्धा नाही, उजवीकडचा आरसा तेवढा गेला. आज बारावा दिवस होता. बबडी हॉस्पिटलात डोळे मिटून पडली होती आणि डॉक्टर रोज एकच शब्द बोलत होते, "बघू."

बायको तिथून हलत नव्हती. मेस्त्रीला मात्र तिथं बसवत नव्हतं. नुसते हात मांडीवर ठेवून बसायचं म्हणजे जीव गुदमरायचा. पोरीनं डोळे उघडावेत, एवढं एकच त्याला हवं होतं, आणि तेच त्याच्या हातात नव्हतं. हातात होती ती ही गाडी. पोलिसांनी सकाळीच सोडली होती. दुपारी शटर अर्धं ओढून तो कामाला लागला. पंप बिघडलेला निघाला असता तर आपण पोरीला मारलं असं झालं असतं. निघाला नसता तर काय झालं असतं, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

त्यानं बॅटरी बघितली, फ्यूज बघितले. फिल्टर उपसून फुंकून बघितला, स्वच्छ. वायरीत बरोबर बारा व्होल्ट. कुठं म्हणून खोट नाही. "मग बंद का पडलीस गं बाई?" तो गाडीवर खेकसला. मग गुडघे टेकून त्यानं मागच्या सीटला कान लावला आणि सवयीनं ओरडला, "चावी!"

पंप गुणगुणला. दोन सेकंद. थांबला.

"हां, बरोबर," मेस्त्री म्हणाला आणि उठला. मग त्याला पुढची रिकामी सीट दिसली. चावी त्याच्या शर्टाच्या खिशात होती.

मेस्त्रीचा भुताखेतांवर विश्वास नव्हता, बॅटरीवर होता. पंपाला करंट देणारा रिले चिकटला असेल, असं म्हणून त्यानं रिले बदलला. इंजिनाजवळच्या नळीला प्रेशरचा मीटर जोडला. तो मीटर घट्ट करत असतानाच पंप पुन्हा वाजला, आपला आपणच, आणि काटा शून्यावरून तीनवर जाऊन उभा राहिला.

लगेच फोन आला. बायको होती. "अहो, बबडीची बोटं हलली! आत्ता, माझ्यासमोर!"

मेस्त्रीनं "हो का, हो का" केलं आणि डोळे पुसले. पुसून झाल्यावर मीटरकडे पाहिलं, तर काटा हळूहळू खाली येत होता. तीन, अडीच, दोन. चांगल्या गाडीत तो तासभर हलत नाही.

"अहो, थांबा," फोनवर बायको म्हणाली. मागे कसलंतरी मशीन टीं-टीं करायला लागलं होतं. "तिचं बीपी खाली चाललंय म्हणतात. मला बाहेर जा म्हणतायत."

मेस्त्री "चावी!" म्हणून ओरडला. काही झालं नाही. काटा एकवर आला. त्यानं धावत जाऊन पुढचं दार उघडलं, चावी खुपसून फिरवली. पंप गुणगुणला, काटा तीनवर गेला. फोनमधली टीं-टीं थांबली.

"सावरली," बायको म्हणाली. "देवा रे. सावरली हो."

योगायोग असेल, असं त्यानं स्वतःला बजावलं. पण पाऊण तासात तीनदा काटा उतरला, तीनदा फोन आला आणि तीनदा त्यानं चावी फिरवली. चौथ्यांदा त्यानं फोनची वाट बघितली नाही. रिले उपटला आणि त्याच्या डबीतल्या दोन भोकांत वायरचा तुकडा खोचला.

रस्त्यात अडलेल्या गाडीसाठी सगळेच मेस्त्री ही युक्ती करतात. मग पंप बॅटरीवर सरळ चालत राहतो, चावी असो नसो. गाडी गॅरेजपर्यंत आणायची आणि वायर लगेच काढायची, कारण पंपाला उसंत लागते. मेस्त्रीला हे कुणी शिकवायला नको होतं. पण त्या दुपारी त्याला काटा तीनवर हवा होता, बस्स.

पंप एकसारखा गुणगुणू लागला. काटा हलेना. दहा मिनिटांनी फोन आला आणि बायको हसत-रडत म्हणाली, "उघडले हो! बबडीनं डोळे उघडले!"

मेस्त्री मडगार्डला टेकून लहान मुलासारखा रडला. "येतो," म्हणाला, पण गेला नाही. पंप सोडून जायची त्याची छाती झाली नाही. कॅन आणून त्यानं टाकीत आणखी पेट्रोल ओतलं आणि मागच्या सीटवर बसून राहिला.

तासाभरानं बायकोचा आवाज बदलला होता.

"ती पापणी लववत नाहीये. झोपेचं इंजेक्शन दिलं, तरी टक्क बघतेय."

"बारा दिवस झोपलीच होती ना? बघू दे."

"आणि अहो, ती बोलली. म्हणाली, बाबांना सांग, वायर काढा." बायको घुटमळली. "कसली वायर हो?"

वायरचं मेस्त्रीनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

"काही नाही," तो म्हणाला. "तिला म्हणावं, थोडी कळ काढ. बाबा आहेत."

सीटखालचं झाकण तापलं होतं. गॅरेजभर पेट्रोलचा वास कोंडला होता. आवाज मात्र तसाच, ना चढ ना उतार. अर्ध्या तासानं पुन्हा फोन.

"तिचे डोळे कोरडे पडलेत हो. लाल झालेत. बाबा, झोपू द्या, बाबा, झोपू द्या, एवढंच चाललंय." बायको हुंदके देत होती. "काय असेल ते काढा. माझ्यानं बघवत नाही."

"काढली तर ती जाईल!"

"काढा," बायको म्हणाली.

मेस्त्री उठला. रिलेच्या डबीपाशी उभा राहिला. "बबडे, चुकलो गं मी," तो म्हणाला. "तू सांगत होतीस आणि मी हसलो."

त्यानं वायर ओढली.

पंप चालूच होता.

त्यानं हातातली वायर बघितली. रिकामी भोकं बघितली. मग बॅटरीच्या दोन्ही तारा सोडवल्या.

पंप चालूच होता.

सीट उपटून त्यानं झाकणाचे स्क्रू काढले. प्लग काढला, नळी काढली आणि पंप टाकीतून वर उचलला. पेट्रोल निथळलं. तो पंप मांडीवर घेऊन जमिनीवर बसला. पंपाला आता काहीच जोडलेलं नव्हतं.

मांडीला कंप जाणवत होता.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. फोन वाजला.

"काढली का हो?" बायको अगदी हळू बोलत होती.

"काढली. कधीच काढली."

"डॉक्टर म्हणतात, गेली. ठोके नाहीत. मशीन काढून नेलं त्यांनी. हात गार पडलेत तिचे."

मेस्त्रीनं पंपावर तळवा ठेवला. तोही गार पडला होता, आणि चालू होता.

"अहो," बायको म्हणाली, "पण ती बघतेय माझ्याकडे. विचारतेय, काढली का वायर."