नानांचं उरलेलं इंग्रजी

"रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज!" नाना खिडकीकडे डावा हात करून म्हणाले.

सोलांजच्या कानातल्या कानोशानं लगेच फ्रेंचमध्ये सांगितलं, 'मुसळधार पाऊस पडतोय.' तिनं बाहेर पाहिलं. पाचगणीवर फेब्रुवारीचं लख्ख ऊन पडलं होतं. तरी म्हाताऱ्या माणसाचं समाधान म्हणून तिनं उठून खिडकी लावून घेतली. नानांनी कपाळाला हात लावला आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी ओरडून.

कानोसा येऊन आता बरीच वर्षं झाली होती. वाटाण्याएवढं यंत्र, समोरचा कुठल्याही भाषेत बोलो, कानात आपल्याच भाषेत त्याचा अर्थ उतरायचा, तोही त्याच्याच आवाजात. सोलांजच्या पिढीपासून फ्रान्समधल्या शाळांनी परक्या भाषा शिकवणं सोडूनच दिलं होतं. ग्रेनोबलला पुष्कर कारखानीस तिला भेटला, दोघांनी लग्न केलं, ती सासरी पाचगणीला आली, सासऱ्यांशी तिचं गूळपीठ जमलं, ते सगळं कानोशाच्या भरवशावर. नाना मराठीत बोलायचे, ती फ्रेंचमध्ये. मधली भिंत कधी जाणवलीच नाही.

मग दिवाळीनंतर नानांना पक्षाघाताचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि त्याबरोबर मराठीही गेली. समजायचं सगळं, पण तोंडातून शब्द फुटेना. डॉक्टर मुजावरांनी त्याला वाचाघात म्हणतात असं सांगितलं. नानांनी इथल्या निवासी शाळेत उभा जन्म इंग्रजी शिकवलं होतं. वर्गात हजारदा घोकून घेतलेले इंग्रजी वाक्प्रचार तेवढे मेंदूच्या दुसऱ्या कोपऱ्यात शाबूत राहिले होते. तेच आता तोंडी यायचे, अख्खेच्या अख्खे. त्यातला एक शब्दही त्यांना बदलता येत नसे. पुष्कर तेव्हा अंटार्क्टिकाच्या संशोधन तळावर होता. तिथला उन्हाळी मोसम संपेपर्यंत तिथून जहाज निघणार नव्हतं.

नाना तिसऱ्यांदा ओरडले, तेव्हा सोलांजला कानोशातली एक जुनी सोय आठवली. कुणीच वापरत नसलेली. तिनं डाव्या कानातल्या यंत्रावर 'शब्दशः' लावलं.

'मांजरं आणि कुत्री पडताहेत.'

कुत्री! तिनं खिडकी उघडून खाली पाहिलं. शेजारचे दोन कुत्रे नानांच्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात मनसोक्त लोळत होते. ती चप्पलही न घालता धावत गेली. त्यांना हुसकावून, हात चिखलानं माखवून ती परत आली, तेव्हा नाना खुर्चीत मागे रेलून हसत होते. झटक्यानंतर पहिल्यांदाच.

त्या दिवसापासून तिनं नानांच्या बोलण्यापुरतं उजव्या कानात अर्थ आणि डाव्या कानात शब्द असं लावून टाकलं. नानांच्या कानोशावरही तिनं शब्दशः इंग्रजी लावून दिलं, म्हणजे तिचं फ्रेंच त्यांना शब्दाला शब्द इंग्रजीत ऐकू येई. मग तिची शिकवणी सुरू झाली. कधी नानांना वाक्प्रचाराचा अर्थ हवा असायचा, कधी त्यातला एखादाच शब्द. कुठला ते यंत्राला कळत नव्हतं. त्यासाठी नानांच्या डोळ्यांकडे बघावं लागायचं. डाव्या हातानं सदऱ्याचं बटण लागलं की ते ऐटीत म्हणायचे, "पीस ऑफ केक." म्हणजे सोपं आहे. पण चहाच्या वेळी तेच म्हणाले, तर त्यांना खरोखरच केक हवा असायचा. घसा बसला की त्यांच्या घशात बेडूक अडकायचा. सोलांज त्यांना सांगायची, "आमच्याकडे घशात मांजर अडकतं." नाना विचारात पडायचे, जणू दोन्ही प्राणी तोलून बघताहेत.

एकदा आपल्या निर्जीव उजव्या हातावर आणि मग पायावर टिचकी मारून ते म्हणाले, "कॉस्ट ॲन आर्म अँड अ लेग." फार महागात पडलं. तिला हसावं की रडावं कळेना. ती म्हणाली, "नाना, फ्रेंचमध्ये अशा वेळी डोक्यातले डोळे मोजावे लागतात." नानांनी हळूच आपल्या दोन्ही पापण्यांना बोट लावलं. डोळे आहेत अजून, असं त्यांना म्हणायचं होतं. हे तिला दोन्ही कानांतलं काही न ऐकता कळलं.

मार्चमध्ये डॉक्टर मुजावर एक नवं यंत्र घेऊन आले. त्याचं नाव पूरकवाणी. कपाळाला पट्टा बांधायचा, तो मेंदूतल्या लहरी टिपणार. नानांच्या जुन्या बोलण्याच्या नमुन्यांवरून वाक्य पुरं करणार आणि छोट्या कर्ण्यातून नानांच्याच आवाजात बोलणार. पट्ट्यानं जमलं, तर पुढे छोटी शस्त्रक्रिया करून तेच कायमचं बसवता येणार होतं.

नानांना पट्टा बांधला, तेव्हा व्हिडिओ कॉलच्या पडद्यावर पुष्कर होता. कर्ण्यातून आवाज आला, "पुष्कर, मी मजेत आहे. तू तिकडे जिवाला जप."

पुष्करला हुंदका आवरेना. "नाना बोलले! सोलांज, नाना बोलले गं!"

कर्ण्याच्या आवाजाखाली नानांचे ओठ हलत होते. शेजारी बसलेल्या सोलांजलाच ते ऐकू आलं. "पुटिंग वर्ड्स इन माय माऊथ." डाव्या कानात, माझ्या तोंडात शब्द घालताहेत. उजव्या कानात, मी न बोललेलं माझ्या नावावर खपवताहेत. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच शब्द आणि अर्थ दोन्ही तंतोतंत बसले होते. पुष्करचा आनंदानं फुललेला चेहरा बघून ती गप्प राहिली. त्या गप्प राहण्याची तिला दिवसभर लाज वाटत राहिली.

आठवड्यानं डॉक्टर संमती विचारायला आले. सोलांजनं त्यांना विचारलं, "हे बसवलं, तर त्यांचं स्वतःचं बोलणं?"

"ते मागे पडेल," डॉक्टर म्हणाले. "मेंदू यंत्रावर विसंबतो. पण खरं सांगू का? त्यांचं बोलणं म्हणजे गोठलेली वाक्यं आहेत. त्यात नवं काही येणार नाही. काय नाना, करायची ना शस्त्रक्रिया?"

"हो डॉक्टर, माझी काहीच हरकत नाही," कर्णा अदबीनं म्हणाला.

नानांनी पट्टा खसकन ओढून काढला. त्यांचा चेहरा लाल झाला होता. एकेक शब्द जड दगडासारखा उचलत ते म्हणाले, "व्हेन... हेन्स... हॅव... टीथ."

डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. "कोंबड्यांना दात? इंग्रजीत असं काही नाही. डुकरं उडतील तेव्हा, असं म्हणतात."

सोलांज पटकन म्हणाली, "डॉक्टर, ते आमचं आहे, फ्रेंच. म्हणजे कधीच नाही! परवा दूध नको म्हणून ते हट्टाला पेटले, तेव्हा मी वैतागून म्हणाले होते, तुम्ही शहाण्यासारखं दूध पिणार, कोंबड्यांना दात येतील तेव्हा. त्यांनी ते एकदाच ऐकलंय."

डॉक्टर खुर्ची ओढून नानांच्या समोर बसले. "नाना, पुन्हा म्हणा."

नानांनी पुन्हा म्हटलं, आधीपेक्षा जरा सहज.

"हे शिकलेत," डॉक्टर स्वतःशीच पुटपुटले. "माझ्या हिशेबानं हे व्हायला नको होतं." त्यांनी पूरकवाणी पेटीत ठेवली. "किती शिकतील ते सांगता येत नाही. कदाचित इथवरच. पण ही वाट मी माझ्या हातानं बंद करणार नाही."

संध्याकाळी सोलांजनं पडद्यावरच्या पुष्करला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे नाना माझ्याशी परत मराठीत बोलणारच नाहीत?"

"माहीत नाही. जे बोलतात, ते शिकावं लागेल. मी शिकतेय."

"आणि मला ते बाळ म्हणायचे, ते?"

सोलांज दचकली. "बाळ? मला तर ते नेहमी नावानंच हाक मारायचे."

"तुला त्यांनी कधीच नावानं हाक मारली नाही, सोलांज. तुलाही ते बाळच म्हणायचे. कानोशानं नाव करून दिलं असेल."

तिनं दोन्ही कानांतली यंत्रं काढून टेबलावर ठेवली आणि खुणेनं त्यालाही काढायला सांगितली. पुष्करनं काढली. हजारो मैलांवरून त्याचा खरा आवाज आला, ओबडधोबड, अनोळखी सुरांचा.

"जेवलीस का गं?"

तिला एक शब्द कळला नाही. तो काहीतरी विचारतोय आणि विचारताना त्याचा आवाज मऊ झालाय, एवढंच कळलं. लग्नापासून रोज तो हेच विचारत आला असेल का? आणि कानोसा तिला त्याचं काय करून देत होता?