कापलेली दोरी

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण हे खरं आहे. वैजनाथ माझा सख्खा मेहुणा. कळंबच्या बाजारात त्याचं दुकान, मागंच घर. गेल्याच आठवड्यात, भर दुपारी, तिथंच हे घडलं.

जुने, काचेच्या व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. त्याच गुर्मीनं घात केला बघा.

सोनारीचा कृष्णराज वडिलांचा रेडिओ घेऊन आला. मागचं झाकण गायब, कंपनीचं नाव पुसलेलं. वैजनाथनं काचेवरची स्टेशनं वाचली, व्हॉल्व्हवरची धूळ पुसून आकडे पाहिले.

"साठ-बासष्टचा दिसतोय. बोलता करतो," म्हणाला.

कंडेन्सर बदलले. मग दिसलं, स्टेशनचा काटा फिरवणारी दोरी तुटलेली.

तुटलेली नव्हे... कापलेली.

झिजलेल्या दोरीचे धागे सुटतात. हिचं टोक सरळ होतं. वैजनाथला ते कळलं, पण अर्धवट काम त्याच्या जिवावर येतं. त्यानं नवी दोरी ओढून बांधली.

रेडिओ लावला. व्हॉल्व्ह तापून लाल झाले. काटा सरकत सरकत मधोमध आला...

खरखर थांबली.

"हर्षाली... ए पोरी, ये की."

म्हाताऱ्याचा आवाज. आणि हर्षाली म्हणजे वैजनाथची एकुलती एक लेक!

आपल्याकडं अनोळखी हाकेला लगेच ओ देत नाहीत. पण पोरीला वाटलं, दुकानात कुणी आलंय.

आतून ती ओरडली, "आले!"

वैजनाथनं प्लग उपटला.

व्हॉल्व्ह तसेच लाल...

"ये की, पोरी."

घाबरून त्यानं कात्री घेतली आणि दोरी कापून टाकली. मग कृष्णराजला फोन लावला. उचलला त्याच्या आईनं, द्वारकाबाईंनी.

"बाई, ही दोरी कुणी कापली होती?"

"म्या. हे वारल्यावर त्यात ह्यांचा आवाज यायला लागला. थोरल्यानं ओ दिली... आठवडा न्हाय काढला लेकरानं. मग म्या काटा पार टोकाला नेला, अन् दोरी कापली. टोकाला कुणी बोलत न्हाय."

मग म्हातारीनं विचारलं, "तू काटा कुठं ठेवलास रं?"

काटा मधोमध होता.

वैजनाथनं हातानं ओढला, पकडीनं ओढला. तसूभर हलला नाही.

फोडायचा होता, म्हणता? फोडला की! व्हॉल्व्हचा चुरा केला, सांगाडा मांजरा नदीत टाकला.

तरी रोज दुपारी जेवता जेवता हर्षाली मान वर करते. आम्हाला काही ऐकू येत नाही.

ती म्हणते, "आले."

आधी ताटावरून म्हणायची. मग उंबऱ्यात जाऊन. परवा रस्त्यावर सापडली.

काल वैजनाथ तिचा हात घट्ट धरून बसला होता. पोर शांतपणे म्हणाली, "बाबा, सोडा ना. किती दिवस थांबवायचं त्यांना?"

हे मी एसटीत बसून लिहितोय. कळंबला निघालोय. शेजारी बायको नुसती रडतेय. वैजनाथ सकाळपासून फोन उचलत नव्हता.

आत्ता उचलला...

पलीकडं फक्त खरखर होती.