बारा पौंड हवा

नकलांवर शिक्के मारून घ्यायला पोलीस चौकीत गेलो होतो, तिथूनच सांगायला सुरुवात करतो. आमच्या वॉल्व्हिस बेमध्ये, या वाळवंटाकाठच्या बंदरात, नोकरी मागायची तर आधी कागदांच्या नकलांवर पोलिसाचा शिक्का लागतो, आणि तोही तीन महिन्यांच्या आतला. माणूस तोच, परवाना तोच, पण शिक्का शिळा झाला की माणूसही शिळा. त्या दिवशी खिडकीतल्या पोलिसानं माझे कागद चाळले आणि म्हणाला, "एफ्राईमकाका, चौथी खेप ना ही? आता कागद नका आणत जाऊ, तोंड बघूनच मारतो शिक्का."

रांग हसली, मीही हसलो. बेचाळीस वर्षांच्या बेकार माणसाला सगळं हसण्यावारी न्यायला शिकावंच लागतं. दहा महिन्यांपूर्वी युरेनियमची खाण बंद पडली. तिथे मी दोनशे टनांचा डंपर चालवायचो. आता सकाळी वाचनालयातल्या फुकटच्या संगणकावर जाहिराती बघायच्या, दुपारी अर्ज नेऊन द्यायचे, आणि संध्याकाळी लिस्बेट मासळीच्या कारखान्यातून येईपर्यंत मक्याचा घाटा करून ठेवायचा. लिस्बेट म्हणजे माझ्या बायकोची धाकटी बहीण. बायको गेल्यावर महिनाभर सोबतीला म्हणून आली आणि राहिलीच.

बेकारीत कुणी बाटली जवळ करतं, कुणी चर्चमध्ये जाऊन बसतं. माझं व्यसन वाळूचं. खिशात थोडे डॉलर उरले की तेल भरायचं आणि जुनी पिकअप घेऊन गावाबाहेर निघायचं. डांबरी रस्ता खाजणाच्या कडेनं जातो आणि मिठागराच्या फाटकापाशी संपतो. पुढे उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला वाळूचे डोंगर, आणि त्यांच्यामध्ये कुणाची सत्ता नाही. त्या डोंगरांवर गाडी घालण्यात काय सुख आहे ते न घातलेल्याला सांगून कळायचं नाही. चढावर दम सोडायचा नाही, ब्रेकला पाय लावायचा नाही, माथ्यावर अलगद पाय उचलायचा, आणि नाक खाली झालं की गाडीला सरळ सोडून द्यायचं. तेव्हा खालची वाळू गुरगुरते, अगदी पोटातून.

पण त्याआधी टायरमधली हवा काढावी लागते. रस्त्यावर तीस पौंड हवी, वाळूत बारा. हवा कमी झाली की टायर पसरतो आणि वाळू त्याला वर उचलून धरते. टम्म टायर घेऊन गेलात तर पन्नास पावलांत रुतलात म्हणून समजा.

हे काम ओटिलीचं, माझ्या बायकोचं. डांबर संपलं की ती अनवाणीच खाली उतरायची. बाभळीच्या काट्यानं व्हॉल्व दाबायची आणि चर्चमधल्या एका गाण्याचं एक कडवं गुणगुणायची. कडवं संपलं की काटा काढायचा, पुढचं चाक. चार चाकं, चार कडवी. मी मागून मापक लावून बघायचो. बारा. कधी अकरा नाही, कधी तेरा नाही. मी म्हणायचो, "अगं, जरा तरी चूक की." ती म्हणायची, "चुकले तर तू मला आणायचास का?"

तिचं माहेर कुइसेब नदीच्या काठचं. वाळूपलीकडे तिच्या आईची नाराची, म्हणजे वाळूत उगवणाऱ्या रानटी खरबुजाची, जागा होती. ती काटेरी फळं फोडून बिया वाळवायच्या आणि वर्षभर खायच्या, त्यातच मायलेकींचा जीव. शेवटच्या दुखण्यात ओटिलीनं एकच मागितलं. "या रविवारी मला वाळूत ने." खाणीत तेव्हा रविवारच्या पाळीला दुप्पट पगार होता. मी म्हणालो, पुढच्या रविवारी. असं मी चार वेळा म्हणालो. पाचव्या रविवारी तिला पुरून आलो.

या गोष्टीला दीड वर्ष झालं. मी स्वतःला माफ केलेलं नाही, आणि करायची इच्छाही नाही.

शिक्के मिळाल्यावर आठवड्याभरात एका मासळीच्या कंपनीकडून बोलावणं आलं. सकाळी सातला हजर व्हायचं होतं. आमच्याकडची सकाळ म्हणजे धुकं. समुद्रावरून येतं आणि अंगणातल्या तारेवरचे कपडेसुद्धा दिसेनासे करतं. इस्त्रीचा सदरा घालून बाहेर आलो तर गाडी बसलेली. चारही टायर पसरलेले. मला वाटलं, गल्लीतल्या कुणाची तरी मस्ती. पायपंपानं भरत बसलो, पोचेपर्यंत आठ वाजले आणि जागा गेली होती.

संध्याकाळी लिस्बेट म्हणाली, "दाजी, मुलाखतीला वाळूतून जायचा बेत होता की काय?"

मीही हसलो. मापक लावून बघितलं होतं हे तिला सांगितलं नाही. चारही चाकांत बारा होती.

दुसरं बोलावणं मालवाहतुकीच्या कंपनीचं. आदल्या संध्याकाळी मी फाटकाला साखळी घातली. पहाटे पाचला जाग आली. खिडकीबाहेर धुकं आणि समुद्राच्या शेवाळाचा ओला वास. त्या वासात आणखी एक वास होता, वाळत घातलेल्या नाराच्या बियांचा. मग आवाज आला. स्स्स... बारीक, एकसारखा. आणि त्याच्याखाली कुणीतरी तोंड मिटून गुणगुणत होतं. कडवं संपलं, आवाज थांबला. मग मागच्या चाकापाशी सुरू झाला.

मी बाहेर गेलो नाही. तुम्हाला वाटेल घाबरलो. घाबरलो होतोच. पण तिची भीती नव्हती. दार उघडलं तर ते थांबेल, याची भीती होती. खिडकीखाली जमिनीवर बसून मी चारही कडवी ऐकली. शेवटचं संपल्यावर अजून एक चाक असतं तर किती बरं झालं असतं, असं वाटलं.

ती नोकरीही गेली. या वेळी लिस्बेट हसली नाही.

"कोण करतंय हे, दाजी?"

"तुला माहीत आहे."

तिनं हातातली मासळी खाली ठेवली आणि हात पुसले. मग हळू आवाजात म्हणाली, "ताईला तुम्ही शब्द दिला होतात ना? मग न्या की तिला. नाहीतर ती तुम्हाला कामावर जाऊ द्यायची नाही. माझ्या एकटीच्या पगारात घरभाडं निघत नाहीये. पुढच्या महिन्यात ही गाडीच विकायला लागेल, मग काय कराल? पायी न्याल तिला?"

तिचं बरोबर होतं. गाडी गेली तर ओटिली कुणाच्या चाकांपाशी येणार? गाडी ठेवायची तर नोकरी हवी, आणि नोकरी ती मिळू देत नव्हती. त्याच आठवड्यात मिठागराचं पत्र आलं. मीठ भरायच्या यंत्रावर चालक हवा, सोमवारी सकाळी आठ वाजता या.

मग आदल्या रविवारी मी निघालो. दुपार झाली तरी धुकं उठलं नव्हतं. मिठागराच्या बंद फाटकापाशी डांबर संपलं, तिथे गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि खाली न उतरता बसून राहिलो. हात मांडीवर. समोरच्या काचेवर पाण्याचे थेंब जमत होते.

थोड्या वेळानं पुढच्या डाव्या चाकापाशी सुरू झालं. स्स्स... गाडी तिकडे किंचित कलली. मग मागे. मग उजवीकडे, माझ्याच दाराखाली... खाली वाकून बघितलं असतं तर दिसली असती. मी स्टिअरिंगवर नजर ठेवली. चौथं कडवं संपलं. डावीकडची सीट हलकेच दबली. दार उघडल्याचा आवाज आला नव्हता.

"बसलीस?" मी विचारलं.

बियांचा वास तेवढा जवळ आला.

त्या दिवशी जशी गाडी चालवली तशी आयुष्यात चालवली नाही. धुक्यात पुढचं काही दिसत नव्हतं, पण हात आपोआप वळत होते. माथा आला की मला कळायचं. उतारावर सोडली की खालून वाळू गुरगुरायची आणि शेजारून कुणीतरी श्वास रोखल्यासारखं वाटायचं, पूर्वी ती रोखायची तसाच. मी रडत होतो आणि हसतही होतो. नाराच्या जागेपाशी पोचल्यावर गाडी थांबवली आणि मनातलं सगळं बोलून टाकलं. चुकलो म्हणालो. पैशाच्या मागे लागलो, दिवस मोजत राहिलो, तू थांबशील असं धरून चाललो. मग म्हणालो, "आता मला कामावर जाऊ दे, ओटिली. मी दर रविवारी आणीन तुला. या वेळी शब्द मोडणार नाही."

धुक्यात काहीच हललं नाही. परत येताना सीट रिकामी वाटली. डांबर लागल्यावर मी पायपंपानं चारही चाकं भरली.

सोमवारी पहाटे बाहेर आलो. टायर तसेच टम्म भरलेले. तीस, तीस, तीस, तीस. मला आनंद व्हायला हवा होता. मी त्या भरल्या टायरवर हात ठेवून उभा राहिलो आणि पोरका झाल्यासारखा रडलो. लिस्बेटनंच शेवटी मला गाडीत बसवलं.

मिठागराच्या फाटकावर शिकोंगोमामा म्हणून म्हातारा रखवालदार आहे. त्यानं माझं पत्र वाचलं आणि नोंदवही पुढे केली. "लिहा नाव. तुमच्या बाई मघाशीच आत गेल्या."

"कोण बाई?"

"आता मला विचारता? एफ्राईमची बायको म्हणाल्या. अनवाणीच होत्या. मी म्हटलं, बाई, मिठानं पाय फाटतील. तर नुसत्या हसल्या."

वहीत माझ्या वरच्या ओळीत नाव होतं. ओटिली. कुणाला भेटायचं: नवऱ्याला. आत येण्याची वेळ: सात वाजून दहा मिनिटं. बाहेर जाण्याची वेळ: कोरी.

मला नोकरी मिळाली. बुधवारपासून कामाला लागलो. मिठाचे पांढरे ढीग, मधल्या गुलाबी पाण्यात उभे रोहित पक्षी, आणि दुपारपर्यंत धुकं. ती कधी दिसली नाही. पण यंत्र बंद करून डबा उघडला की ढिगापलीकडून गुणगुणणं यायचं. संध्याकाळी फाटकावर सही करताना मी वही बघायचो. तिथला नियम असा की आत गेलेला माणूस बाहेर पडला नसेल तर त्याचं नाव दुसऱ्या दिवशीच्या पानावर सगळ्यात वर उतरवायचं. शिकोंगोमामा नियमाचा पक्का. रोज सकाळी पानावर पहिलं नाव ओटिलीचं.

"कधी निघायच्या या?" तो एकदा म्हणाला. "रात्रपाळीवालाही सांगतो, बाहेर पडल्याच नाहीत."

"राहू द्या," मी म्हणालो.

मी सुखात होतो. खोटं कशाला सांगू, लग्नानंतर इतका सुखात कधी नव्हतो. आणि मग साहेबानं विचारलं, रविवारी जास्तीचं काम करणार का? मी हो म्हणालो. घरभाडं तुंबलं होतं, आणि ती तर आतच आहे, वेगळं नेण्याची काय गरज, असं मी मनाला समजावलं. पहिला रविवार गेला. दुसऱ्या रविवारीही हो म्हणालो. त्या दिवशी ढिगापलीकडून काहीच ऐकू आलं नाही. या तिसऱ्या रविवारचंही नाव मी गुरुवारीच देऊन बसलो होतो. अशी सवय जाता जात नाही बघा.

काल, शुक्रवारी, घरी निघताना शिकोंगोमामानं मला फाटकाच्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. वहीचं पान उघडून माझ्यासमोर धरलं.

"हे अक्षर माझंच आहे," तो कुजबुजला. "पण मी हे लिहिलेलं नाही, एफ्राईम. देवाशपथ नाही..."

ओटिलीच्या नावापुढची बाहेर जाण्याची जागा भरलेली होती. येत्या रविवारची तारीख, दुपारी चार वाजता. तिच्याच खालच्या ओळीत माझं नाव होतं. बाहेर जाण्याची तीच तारीख, चार वाजता.

"तू येऊ नकोस रविवारी," मामा म्हणाला. "साहेबाला मी सांगतो. घरात बस, दार लावून घे."

मी त्याचे आभार मानले आणि सही करून बाहेर पडलो.

आज शनिवार. दिवसभर मी गाडी धुतली, आरसे पुसले, तेल भरून आणलं. मन शांत आहे. दीड वर्षात पहिल्यांदा काल रात्री सलग झोप लागली. लिस्बेटला मी वहीचं काही सांगितलेलं नाही. मघाशी ती दारात येऊन उभी राहिली. पगार झाला होता, म्हणून खुशीत होती.

"दाजी, उद्या जेवायला काय करू? मटण आणू?"

"आण की."

"किती आणू?"

मी म्हणालो, "तुझ्यापुरतंच आण."