चार लहरींची बेरीज शून्य

एकात एक मिळवला, आणखी एक, आणखी एक. किती झाले? चार म्हणाल. मीही तेच म्हणायचे. पण दसऱ्याच्या सकाळी ही बेरीज शून्य आलेली मी माझ्या कानांनी ऐकली. त्या शून्याच्या पलीकडे माझी आई होती.

आई चंद्रावर होती. तिथल्या एका विवरात (खूप मोठ्या खोल खड्ड्यात) ती एकटीच गाडी घेऊन बर्फ शोधायला उतरली होती. इकडे सोनजाईच्या टेकडीवरून शर्वरीआत्या तिच्याशी बोलायची. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण आणि आमच्या संदेशकेंद्राची प्रमुख. शाळेला सुट्टी होती, म्हणून मीही तिथेच होते.

सकाळी एक दगड घरंगळत आला आणि आईच्या गाडीचा अँटेना वाकला. आमची ऐकायची तबकडी भलीमोठी, त्यामुळे आईचं बोलणं आम्हाला ऐकू येत होतं. आमचं मात्र तिला कळत नव्हतं.

"नुसती खरखर येतेय," आई म्हणाली. "शब्द कळत नाहीत. मी डाव्या वाटेनं वर येते."

आत्यानं पडद्याकडे बोट दाखवलं. उपग्रहानं नुकताच फोटो पाठवला होता. दरड कोसळून डावी वाट तुटली होती आणि पुढे सरळ कडा होता.

"आबनावे, चारही यंत्रं लावा," आत्या म्हणाली.

आबनावेकाका आमचे तंत्रज्ञ. एकेक यंत्र रेडिओलहर तयार करून आपापल्या अँटेनाला देतं. रोज एकच यंत्र पुरतं, पण चार लहरी एकत्र आल्या की आवाज दणकट होतो. काकांनी चारही लावली. आत्या माइकवर म्हणाली, "वहिनी, थांब. उजवीकडे वळ."

चंद्रावर जाऊन उत्तर यायला अडीच सेकंद लागतात. आम्ही थांबलो.

"आता तर खरखरही गेली," आई म्हणाली.

एका यंत्रानं खरखर तरी पोचत होती. चारांनी काहीच नाही? काकांनी भराभर एकेक यंत्र तपासलं. चारही ठणठणीत.

"लहर वर-खाली, वर-खाली होत जाते," आत्या स्वतःशी बोलावं तशी बोलत होती. "चारही एकदम वर गेल्या तर भर पडते. पण दोन वर असताना दोन खाली असल्या तर त्या एकमेकींना खाऊन टाकतात. म्हणजे यांची फेज (चढउतारातली लहरीची जागा) जुळत नाहीये. पण का? ठोके तर चारही यंत्रांना एकाच घड्याळाचे जातात."

"समोर काळोख आहे," आई म्हणाली. "हळूहळू पुढे घेते."

आदल्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्याकडे शस्त्रं कुठली, म्हणून यंत्रांचीच पूजा करतात. वर्षभर कधी न थांबणारी यंत्रं आळीपाळीनं बंद करून पुसली, झेंडूच्या माळा घातल्या. मग ज्याचं यंत्र त्यानंच चालू करायचं, असा तिथला मान. माझ्या हातात काय, तर आरतीचं ताट. मी दिवसभर गाल फुगवून बसले होते, आणि तो राग नेमका तेव्हा तोंडातून बाहेर पडला.

"काल सगळ्यांनी सावकाश आपापली बटणं दाबलीत. मलाच तेवढं दिलं नाहीत."

आत्या गर्रकन माझ्याकडे वळली.

"कवायतीत शिट्टी एकच असते," ती म्हणाली. "पण निम्म्यांनी डाव्या पायानं सुरुवात केली आणि निम्म्यांनी उजव्या, तर?"

"मग शेवटपर्यंत उलटेच पाय पडतात."

"तेच झालंय. यंत्र एका ठोक्याला लहर वर नेतं, पुढच्याला खाली आणतं. कुणी कुठल्या ठोक्यावर सुरुवात केली, त्यावर सगळं. म्हणून चालू केल्यावर चारही यंत्रांना एकदम इशारा द्यावा लागतो, की आता पहिल्यापासून मोजा. याला समकालन (सगळ्यांना एका वेळेवर आणणं) म्हणतात. काल प्रसादाच्या गडबडीत ते राहूनच गेलं. तुझ्या कोपराशी पांढरं बटण आहे बघ. दाब."

मी ते दाबलं.

"वहिनी, थांब! पुढे कडा आहे."

पुन्हा अडीच सेकंद.

"शर्वरी, ओरडतेस कशाला?" आई म्हणाली. "थांबलेय मी. केवढ्यानं ऐकू येतंय!" मग तिनं दिवा पुढे वळवला असावा. "चाकापुढे हातभर जमीन आहे," ती हळूच म्हणाली. "मागे घेते."

आत्यानं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी या टेकडीवर शंभर अँटेना असतील. सगळे एका तालात आले, तर मंगळावरही असाच आवाज पोचेल. आणि पूजेला पांढऱ्या बटणाचा मान तुझा."

तिनं माइक माझ्या हातात दिला. इतकं सांगायचं होतं, पण दसऱ्याला सगळे म्हणतात तेवढंच तोंडात आलं.

"आई, सोनं घे. सोन्यासारखी राहा."

मी मनात सेकंद मोजले.

"घेतलं गं," आई म्हणाली. "आता मला वाट सांग."