आता दुसऱ्या बाजूनं बोल

खोटं वाटत असेल त्याने दिल्लीत द्वारकेला जाऊन माझ्या मावसबहिणीच्या घराची बेल वाजवावी. मी तरी आता एकटी जात नाही.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. धुकं असं, की भरदुपारी दिवे लावावे लागत होते. डोक्यावरून सतत जाणारी विमानंसुद्धा बंद.

माझी ही मावसबहीण, श्रावस्ती, वकिली शिकते. कॉलेजात मूट होतं, म्हणजे लुटुपुटूचा आंतरराष्ट्रीय खटला. परदेशी जहाजावरून एक खलाशी बेपत्ता होतो. ज्या देशाचा झेंडा त्या जहाजावर, त्याने शोध चालू ठेवायचा की नाही? वादी की प्रतिवादी, ते आयत्या वेळी कळतं, म्हणून दोन्ही बाजू तयार ठेवायच्या.

आणि घरात तिच्या नंदाआत्या!

त्यांचा मुलगा सिद्धांत अगदी असाच जहाजावरून नाहीसा झालेला. नागपूरहून येऊन बाईंनी इथल्या ऑफिसांचे उंबरठे झिजवले, पण 'मृत' म्हणून सही काही केली नाही. रोज दुपारी आपल्या खोलीत त्याचं ताट वाढायच्या. "येतो तो," म्हणायच्या. घरातले मान खाली घालायचे.

श्रावस्तीला मात्र ऐकू यायचं...

ताट वाढलं की बाथरूमचा नळ आपोआप सुरू व्हायचा. मग ओली पावलं, आत्यांच्या खोलीपर्यंत.

आणि डिझेलचा वास.

पोरगी पार भेदरली होती. सांगणार कुणाला?

त्या दुपारी आत्या स्वयंपाकघरात होत्या. ही त्यांच्या खोलीत उभी राहून सराव करत होती. बाजू त्या देशाची. शोध पुरे झाला, माणूस मेला असं धरा.

नळ सुरू झाला...

पावलं दाराशी आली.

तिच्या तोंडून 'खलाशी'च्या जागी नावच गेलं. चुकून की मुद्दाम, ते तिलाही सांगता येत नाही.

"सिद्धांत मेला आहे, असं न्यायालयाने जाहीर करावं."

पावलं थबकली.

मग माघारी वळली.

दुसऱ्या दिवशी ताट वाढलं. नळ नाही, काही नाही. नंतरही नाही. श्रावस्ती सुटल्यासारखी झोपली आणि आत्यांनी अन्नपाणी सोडलं.

शेवटी एका दुपारी त्या तिच्यासमोर येऊन बसल्या.

"तुझ्या बोलण्याने गेला तो. मी ऐकलंय सगळं. तुला दोन्ही बाजू येतात ना? आता दुसऱ्या बाजूनं बोल, बाई."

श्रावस्ती उठली, रडत रडत बोलली. खलाशी जिवंत आहे असं धरा. त्याला शोधा. त्याच्या आईच्या हवाली करा.

या वेळी नाव घ्यायचं मात्र राहून गेलं.

नळ सुरू झाला...

पावलं आली. जड, एक पाय ओढत.

आत्या दाराकडे बघतच राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "हा माझा सिद्धांत नाही."

आत्या उठल्या आणि ताट घेऊन आल्या.

"कुणाचा तरी असेल गं. उपाशी आहे."

पुढे श्रावस्तीने नाव घेऊनही बोलून पाहिलं, कितीदा तरी. सिद्धांत काही आला नाही. दुसरेच येतात.

परवा मी गेले होते. नंदाआत्या भात वाढत होत्या. खोलीभर ताटं मांडलेली. किती, ते मोजायचा धीर मला झाला नाही.

आत नळ चालूच होता...